पित्ताची गोळी किती वेळ पुरते?

"डॉक्टर, ही गोळी पूर्वी दिवसभर पुरायची. आता दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही. कंपनीने माल हलका केला की काय?"

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तिसऱ्या पाळीला काम करणारे एक गृहस्थ गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्यात आले आणि खिशातून अर्धी संपलेली पट्टी काढून टेबलावर ठेवत त्यांनी हा प्रश्न केला. वय चाळिशीच्या आत. गोळी पँटोप्राझोलची. गेली दोन वर्षे ते ती घेत होते, आणि ती त्यांना कुणी लिहून दिली होती म्हणाल तर कुणीच नाही. बरोबरच्या कामगाराने एकदा दिली, बरे वाटले, तेव्हापासून मेडिकलमधून पट्टी आणणे सुरू झाले. पट्टीवर तांबडी रेघ आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे छापलेले आहे. पण ती अक्षरे वाचायची तर भिंग हवे, आणि गिऱ्हाईक परत पाठवायचे तर दुकानदाराला धीर हवा.

मी त्यांना विचारले, "गोळी केव्हा घेता?"

"जळायला लागलं की."

त्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तीन शब्दांतच होते. उरलेले अर्धे उत्तर लांबलचक आहे. हाच प्रश्न मला पालघरपासून डहाणूपर्यंतचे रुग्ण या ना त्या शब्दांत नेहमी विचारतात, म्हणून आजचे सदर त्यालाच देतो.

आपल्याकडे दुकानात जाऊन "गॅसची गोळी द्या" म्हटले की समोरचा माणूस तीन अगदी वेगवेगळ्या औषधांपैकी कोणतेही काढून देऊ शकतो. तिघांचे काम वेगळे, वेळ वेगळी, घेण्याची तऱ्हाही वेगळी. नाव मात्र सगळ्यांना एकच : पित्ताची किंवा गॅसची गोळी.

पहिला वर्ग जुना. डायजिन, जेलुसिलसारख्या चघळायच्या गोळ्या आणि पातळ औषधे, इनोसारखी फसफसणारी पूड, आणि आपल्या आज्यांचा खायचा सोडा. ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार, कॅल्शियम कार्बोनेट किंवा सोडा, असे काहीतरी यांत असते. औद्योगिक वसाहतीतल्या माणसाला हे समजावणे सोपे जाते. कारखान्यातल्या सांडपाण्यातले आम्ल मारायला त्यात चुना घालतात, तसेच हे. जठरात जे हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच जमले आहे, तेवढेच हे औषध मारते. नवे आम्ल तयार होणे थांबत नाही. म्हणून गुण येतो पाच-दहा मिनिटांत आणि जातोही तितक्याच लवकर. रिकाम्या पोटी घेतलेले हे औषध साधारण अर्ध्या तासात जठरातून पुढे आतड्यात निघून जाते. तेच जेवणानंतर तासाभराने घेतले तर अन्नाबरोबर जठरात रेंगाळते आणि तीन तासांपर्यंत काम करते. एकच गोळी, एकच किंमत, पण वेळ बदलली की पाच-सहा पट फरक पडतो. हे सांगायला दुकानदाराला वेळ नसतो आणि, खरे सांगायचे तर, आम्हा डॉक्टरांनाही नसतो.

ही गोळी चघळून खायची असते, पाण्याबरोबर गिळायची नसते. गिळली तर ती विरघळण्यातच तिचा वेळ जातो. बाटलीतले औषध हलवून घ्यायचे, कारण खरे औषध तळाशी बसते आणि न हलवता घेणाऱ्याला वरचे गोड पाणी मिळते. इनो आणि खायच्या सोड्यात सोडियम भरपूर असते. आमच्या किनाऱ्यावर सुके बोंबील आणि खारवलेली मासळी रोजच्या जेवणात असते. त्यात रक्तदाब असेल आणि वर दिवसातून दोनदा इनो, तर पित्त शमते पण रक्तदाबाची गोळी हरते. गार दुधाचेही तसेच. पोटात गेल्यावर क्षणभर थंड वाटते, पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम यांमुळे जठर तासाभरात आणखी आम्ल सोडते. कोकम सरबताच्या चाहत्यांना राग येईल, पण अन्ननलिका आतून सोलवटलेली असेल तर आंबट कोकमही झोंबते. मला स्वतःला सोलकढी फार आवडते. असो.

दुसरा वर्ग रॅनिटिडीन आणि फॅमोटिडीनचा. जठराच्या पेशींना आम्ल सोडण्याचा हुकूम तीन वाटांनी मिळतो. त्यांतल्या हिस्टामिनच्या वाटेवर ही औषधे अडसर घालतात. या वर्गातले बाजारात आलेले पहिले औषध सिमेटिडीन. सर जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ब्रिटनमध्ये तयार केले आणि १९७६ साली ते तेथे बाजारात आले. ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या वाचकांना कल्पना येणार नाही, पण त्याआधी जठरव्रणाच्या कित्येक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागे. जठराकडे जाणारी नस कापणे ही तेव्हा सर्रास होणारी शस्त्रक्रिया होती. आमच्या विद्यार्थिदशेत वॉर्डात असे रुग्ण असत.

फॅमोटिडीनचा गुण तासाभरात सुरू होतो आणि दहा-बारा तास टिकतो. रॅनिटिडीनचा त्याहून किंचित कमी. रात्रीच्या जळजळीला ही गोळी झोपण्यापूर्वी चांगली. मात्र हिची एक खोड आहे. रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांत शरीर तिला सरावते. हिस्टामिनची वाट अडली की बाकीच्या दोन वाटा जोर धरतात आणि गोळीचा पहिला जोर राहत नाही. म्हणजे "पूर्वी पुरायची, आता पुरत नाही" ही तक्रार या वर्गाबाबत शब्दशः खरी असते. कंपनीने माल हलका केलेला नसतो. कधीमधी घेतली तर ती पहिल्यासारखीच लागू पडते.

रॅनिटिडीनची कथा इथेच सांगून टाकतो, कारण गोळी किती दिवस टिकते या प्रश्नाचा तिच्याशी संबंध आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधात एनडीएमए नावाचे, कर्करोगाला कारण होऊ शकणारे द्रव्य सापडल्याचे जाहीर केले. ग्लॅक्सो कंपनीने भारतातल्या आपल्या झिनेटॅकचा पुरवठा थांबवला. पुढे असे दिसले की गोळी साठवणीत जितकी जुनी होते आणि जितकी उष्णतेत राहते, तितके हे द्रव्य त्यात वाढते. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ते औषध बाजारातून काढून घ्यायला सांगितले गेले. आपल्या केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांची नवी यादी काढली, तीतून रॅनिटिडीन वगळले. दुकानांत मात्र ते पुढेही मिळत राहिले. वर्षापूर्वीची पट्टी कपाटात असेल, किंवा ट्रकच्या डॅशबोर्डवर उन्हात तापत असेल, तर ती फेकून द्यावी हे माझे मत. लागलीच तर फॅमोटिडीन आहे.

मुदतीवरून आठवले. ऑगस्ट २०२३ मध्ये डायजिनच्या पातळ औषधाबद्दल एका ग्राहकाने तक्रार केली की, एकाच बॅचची एक बाटली नेहमीसारखी गुलाबी आणि गोड आहे, तर दुसरी पांढरी, कडू आणि उग्र वासाची. कंपनीने आपल्या गोव्याच्या कारखान्यातला तो माल स्वतःहून परत मागवला आणि केंद्रीय औषध नियंत्रकांनी जाहीर सूचना काढली. तक्रार एका सामान्य ग्राहकाची होती, हे लक्षात घ्या. बाटलीचा रंग, चव, वास बदललेला दिसला तर "असेल तसंच" म्हणून पिऊ नका. आपल्या भागातल्या पावसाळ्यात फसफसणाऱ्या पुडीला ओल लागते आणि ती आधीच फसफसून मरते. ओमेप्राझोलच्या कॅप्सूललाही दमटपणा सोसत नाही.

आता तिसरा वर्ग, ज्याने सध्या सगळी दुकाने भरली आहेत. ओमेप्राझोल हे यातले पहिले, १९८८ साली स्वीडनमध्ये बाजारात आले. मागोमाग पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल. जठराच्या भिंतीतल्या पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात. हे औषध त्या पंपांना कायमचे निकामी करते. विहिरीवरची मोटार जळावी तसे. जळलेली मोटार दुरुस्त होत नाही, नवी बसवावी लागते. शरीर रोज नवे पंप बसवत असते. म्हणून औषध रक्तातून काही तासांत नाहीसे झाले तरी त्याचा परिणाम दिवसभर टिकतो, आणि गोळी बंद केल्यावर आम्ल पूर्ववत व्हायला तीन ते पाच दिवस लागतात.

पण यात एक मेख आहे. हे औषध फक्त चालू पंपालाच पकडते. झोपलेल्या पंपाला त्याचा काही उपद्रव होत नाही. पंप जागे होतात जेवणाने. गोळी आतड्यात विरघळून रक्तात यायला वेळ लागतो, आणि रक्तात ती फार वेळ थांबत नाही. तेव्हा ती जेवणाआधी अर्धा ते एक तास पोटात गेली, तरच पंप जागे व्हायला आणि औषध तेथे पोचायला गाठ पडते. "जळायला लागलं की" घेतलेली गोळी बहुतेक वाया जाते. पहिल्या दिवशी सगळे पंप पकडलेही जात नाहीत, पुरता गुण यायला तीन-चार दिवस लागतात. ज्याला दहा मिनिटांत आराम हवा त्याने पहिल्या वर्गातली गोळी चघळावी. पँटोप्राझोल घेतल्यावर पंधरा मिनिटांत बरे वाटले असे सांगणारे पुष्कळ भेटतात. गोळीबरोबर प्यायलेल्या पेलाभर पाण्याचे श्रेय ते गोळीला देतात. आणि कॅप्सूल उघडून किंवा गोळी कुटून घेऊ नका. तिच्यावरचे आवरण तिला जठरातल्या आम्लापासून वाचवण्यासाठीच असते.

आमच्या तिसऱ्या पाळीच्या गृहस्थांची गंमत अशी होती की, त्यांना कुणीतरी नंतर "सकाळी रिकाम्या पोटी घ्या" असेही सांगितले होते. त्यांची सकाळ कुठली? सात वाजता पाळी सुटते, आठला घरी. भाकरी, रात्रीचे कालवण, भात, असे भरपेट जेवून साडेआठला आडवे. तीन वाजता उठायचे. भरल्या पोटी झोपले की जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत येणारच, त्याला कंपनी काय करणार? मी त्यांना म्हटले, "दादा, तुमची सकाळ दुपारी तीनला होते. घड्याळ विसरा." मोठे जेवण उठल्यानंतर, गोळी त्याच्या अर्धा तास आधी. पाळीवरून आल्यावर हलके काहीतरी, आणि खाणे व झोप यांत दोन-तीन तास. ते शक्य नसेल त्या दिवशी खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा. शिवाय पाळीत पाच चहा आणि तंबाखू. तंबाखूविषयी ते काही बोलले नाहीत, मीही त्या दिवशी ताणले नाही.

दुकानातून आपल्या मनाने घ्यायच्या या गोळीची मुदत किती? अमेरिकेत ती चिठ्ठीशिवाय मिळते, पण तेथे पाकिटावर छापलेले असते : चौदा दिवस, आणि चार महिन्यांतून एकापेक्षा जास्त वेळा नाही. चौदा दिवसांत थांबले नाही तर डॉक्टरकडे जा. दोन वर्षे नव्हे.

आता बंद करण्याविषयी. यात मी स्वतः पोळलेलो आहे. काही वर्षांपूर्वी मलाच रात्री जळजळ होऊ लागली. नमुन्याच्या गोळ्या टेबलाच्या खणात होत्याच. घेऊ लागलो आणि वर्ष कधी उलटले कळले नाही. एके दिवशी ठरवून बंद केली. चौथ्या दिवशी अशी आग पडली की रात्री अकराला खाली उतरून दवाखाना उघडून पट्टी काढली. मनाशी म्हटले, म्हणजे रोग आहेच, गोळी जन्मभर लागणार.

तो माझा गैरसमज होता. २००९ साली डेन्मार्कमध्ये १२० धडधाकट माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. यांना पित्ताचा कसलाही त्रास नव्हता. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्राझोल आणि मग चार आठवडे नुसती खोटी गोळी दिली. उरलेल्यांना बाराही आठवडे खोटीच. शेवटच्या चार आठवड्यांत, औषध घेतलेल्या गटातल्या शेकडा ४४ जणांना जळजळ आणि आंबट पाणी येणे असा त्रास झाला, दुसऱ्या गटात शेकडा १५ जणांना. म्हणजे चांगल्या माणसांना औषध बंद केल्यामुळेच पित्त झाले. आम्ल बरेच दिवस दाबून ठेवले की शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि आम्लाची यंत्रणा वाढवून ठेवते. अडसर काढला की सगळे एकदम उसळते. हे काही आठवडे चालते आणि मग ओसरते. मी पुढच्या खेपेस गोळी एकाआड एक दिवस केली, मग तीन दिवसांनी, आणि मधल्या दिवशी जळलेच तर चघळायची गोळी. दीड महिन्यात सुटली.

हे वाचून उद्याच गोळी बंद करू नका. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारे, पूर्वी पोटातून रक्तस्राव झालेले, ज्यांची अन्ननलिका दुर्बिणीने तपासून डॉक्टरांनी गोळी कायम ठेवली आहे, त्यांना ती लागतेच. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होणे, हाडे ठिसूळ होणे, आतड्याचे काही जंतुसंसर्ग हे जास्त दिसतात. हे सगळेच गोळीमुळे होते असे सिद्ध झालेले नाही, पण शाकाहारी माणसाने वर्षातून एकदा ब-१२ तपासून घ्यावे. थायरॉईडची, लोहाची गोळी किंवा काही प्रतिजैविके चालू असतील तर चघळायची पित्ताची गोळी त्यांच्याबरोबर घेऊ नये. किती तासांचे अंतर ठेवायचे ते औषधागणिक बदलते, विचारून घ्यावे.

आणि आता जे लिहायचे मी इतका वेळ लांबवत होतो ते.

किनाऱ्यावरच्या एका गावातली मावशी माझ्याकडे गुडघ्यांसाठी येत असे. पहाटे उठून मासळीची पाटी घेऊन गाडी गाठायची, दिवसभर बाजारात बसायचे, पोटात चहाशिवाय काही नाही. मी तिला दुखण्याची गोळी लिहून दिली आणि सोबत पोट सांभाळायची तिसऱ्या वर्गातली गोळी. पंधरा दिवसांसाठी. ती तीच चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने दुखण्याची गोळी आणत राहिली. पोटाची महाग वाटली म्हणून तिच्याऐवजी चघळायची स्वस्त गोळी घेऊ लागली. मधल्या काळात ती माझ्याकडे तीन वेळा येऊन गेली, एकदा खोकल्यासाठी, दोनदा नातवाला घेऊन, आणि मी एकदाही विचारले नाही की गुडघ्याची गोळी अजून चालू आहे का. चघळायच्या गोळीने जळजळ दहा मिनिटांत थांबे, म्हणून तिला वाटे पोट ठीक आहे. जळजळ थांबत होती. व्रण मात्र वाढत होता. साध्या चघळायच्या गोळीने दुखण्याच्या गोळीमुळे होणारा व्रण टळत नाही.

एक दिवस तिचा मुलगा तिला रिक्षातून घेऊन आला. चेहरा पांढराफटक, नाडी धावत होती. विचारल्यावर तिने सांगितले, चार दिवस शौचाला डांबरासारखे काळे होत आहे. ती समजत होती, उन्हाने. तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, दुर्बिणीतून व्रण दिसला. वाचली. नशीब तिचे, आणि माझेही.

काळा, चिकट शौच. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. घास अडकणे. कारण नसताना वजन उतरणे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ. यांतले एक जरी असेल तर कोणती गोळी किती वेळ पुरते हा प्रश्नच उरत नाही, त्याच दिवशी तपासणी. छातीत दाब, दरदरून घाम, जबडा किंवा डावा हात दुखणे याला गॅस समजून इनो पिऊन पडून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांतली काही सकाळी उठली नाहीत. ढेकर आल्यावर बरे वाटले हा पुरावा नव्हे, ईसीजी काढा.

जुन्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या दुखण्यात हेलिकोबॅक्टर जंतूचीही तपासणी करावी. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्याबद्दल २००५ साली नोबेल मिळाले. तो सापडला तर दहा ते चौदा दिवसांच्या औषधांनी बहुतेकांचा व्रण कायमचा जातो. तपासणीपूर्वी दोन आठवडे तिसऱ्या वर्गातली गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही दिसत नाही. बंद ठेवणे आपल्याला चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच.

तिसऱ्या पाळीचे गृहस्थ आता एकाआड एक दिवसावर आले आहेत. मावशी गुडघ्याला शेक आणि पॅरासिटामॉलवर भागवते. दर खेपेला घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आणायच्या असे मी तिला सांगितले आहे, आणि ती आणते. मागच्या सोमवारी तिने पिशवी टेबलावर उलटी केली, तर त्यात एक अनोळखी पट्टी निघाली.

"ही कुणाची, मावशी?"

"शेजारणीची. तिला पण जळतंय. किती दिस घ्यायची ते इचारून ये म्हणाली."

मी पट्टी तिच्या हातात परत दिली आणि शेजारणीला सकाळी दहाच्या आत पाठव म्हणून सांगितले. अजून ती आलेली नाही.